जुन्या वर्कस्टेशनांना वारस शोधताना

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या गावी शोरलाइन बुलेव्हार्डवर कम्प्युटर हिस्टरी म्युझियम ज्या इमारतीत आहे, ती इमारत एके काळी सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची होती. तेथून जवळच असलेले गूगलचे मुख्यालयही सिलिकॉन ग्राफिक्सच्याच जुन्या परिसरात उभे आहे. मेन्लो पार्कमध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचा जो मोठा परिसर होता, तेथे २०११ मध्ये फेसबुक आले, आणि त्यांनी प्रवेशद्वाराजवळची पाटी नवी न करता जुनीच फिरवून तिच्यावर आपले चिन्ह लावले, त्यामुळे पाठीमागच्या बाजूला सनचे नाव तसेच राहिले. इमारतींना नवे मालक मिळायला वेळ लागला नाही. या इमारतींमध्ये जी वर्कस्टेशने, म्हणजे अभियंत्यांच्या मेजावरची ताकदवान संगणक-यंत्रे, कल्पिली गेली आणि घडली, ती मात्र सिलिकॉन व्हॅलीच्या या खोऱ्यातल्या गॅरेजांत आणि भाड्याच्या गाळ्यांत पडून आहेत, आणि ज्यांनी ती इतकी वर्षे जिवापाड सांभाळली ते लोक आता साठीच्या किंवा सत्तरीच्या घरात आहेत.

माझा एक मित्र दीर्घ आजारानंतर गेला. आम्ही दोघे एकाच सुमारास पुण्याहून येथे आलो, वेगवेगळ्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, पण जन्मभर काम एकाच प्रकारचे केले: युनिक्स या संगणक-प्रणालीवर चालणारी यंत्रे बसवायची, चालती ठेवायची आणि अपरात्री बंद पडली की जाऊन उभी करायची. कंपन्या जुनी यंत्रे मोडीत काढू लागल्या तेव्हा तो रीतसर परवानगी घेऊन त्यांतली निवडक घरी आणू लागला. त्याच्या गॅरेजमध्ये सनची स्पार्कस्टेशन २ आणि स्पार्कस्टेशन २०, सिलिकॉन ग्राफिक्सचे ऑक्टेन, नेक्स्ट कंपनीचे काळ्या रंगाचे नेक्स्टस्टेशन, सनचा एक अवाढव्य मॉनिटर, टेप काडतुसांची खोकी, पुस्तिका आणि त्याच्या हस्ताक्षरातल्या वह्या असा संसार होता. वहिनींनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊजी, घर विकायला काढलंय. मुलांना यातलं काही नको आहे, आणि मला हे भंगारात टाकवत नाही. काय ते तुम्हीच बघा. फक्त एक करा, सगळं एकत्र राहू दे, त्यांच्या नावानं.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने मला पुढे बराच काळ विचार करायला लावला. संग्रह एकत्र राहावा ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे आणि ती करणाऱ्याच्या मनात यंत्रांपेक्षा माणूस अधिक असतो. तरीही जसजसा मी एकेका वस्तूसाठी ठिकाण शोधू लागलो, तसतसे मला पटत गेले की या वस्तू वाचवायच्या असतील तर त्या वेगवेगळ्या हातांत गेल्या पाहिजेत, आणि त्या एकत्र होत्या ही हकिकत कागदावर जपली पाहिजे. हे मत बनायला जी कारणे झाली तीच येथे सविस्तर मांडतो.

या यंत्रांना महत्त्व का द्यायचे, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या एका दुय्यम, कोणी फारसे वापरत नसलेल्या यंत्रावर ती प्रणाली उभी केली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सनने युनिक्सला अभियंत्याच्या मेजावर आणून बसवले. सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. १९८९ मध्ये आलेले स्पार्कस्टेशन १ हे सुमारे चाळीस सेंटिमीटर चौरस आणि जेमतेम आठ सेंटिमीटर उंच होते, म्हणून सारे त्याला पिझ्झा बॉक्स म्हणत. आज आपल्या खिशातल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत जे काही चालते, त्यातले बहुतेक युनिक्सच्या घराण्यातले आहे. नेक्स्टची प्रणाली तर ॲपलने कंपनीसकट विकत घेतली आणि तिच्यावरच पुढचा मॅक उभा राहिला. टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत चालवला तोही नेक्स्टच्याच यंत्रावर. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशी त्यांनी त्यावर डकवलेली चिठ्ठी त्या यंत्राबरोबर जपून ठेवली गेली आहे. ती चिठ्ठी नसती तर ते यंत्र इतर नेक्स्ट यंत्रांसारखेच एक काळे खोके ठरले असते, आणि संग्रहालये नेमके काय शोधत असतात हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

संग्रहालयांशी पत्रव्यवहार सुरू केल्यावर मला याच प्रश्नाचा अनुभव आला. कोणत्याही मोठ्या संग्रहालयाकडे स्पार्कस्टेशन आधीच असते. दुसरी प्रत त्यांना सहसा नको असते, कारण प्रत्येक वस्तूची नोंद करायची, तिला योग्य तापमानात ठेवायचे, तिचा विमा उतरवायचा, हा खर्च तिच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होतो. ते विचारतात ते यंत्राचे मॉडेल नव्हे. हे यंत्र कोणी वापरले, कशासाठी वापरले, त्यावर काय तयार झाले, त्याबरोबर कोणती कागदपत्रे आहेत, असे प्रश्न येतात. ज्या देणगीपत्रावर सही करायची त्यात वस्तूची पूर्ण मालकी संस्थेकडे जाते, आणि पुढे ती वस्तू प्रदर्शनात मांडायची, कोठारात ठेवायची की संग्रहातून काढून टाकायची हे संस्थाच ठरवते. देणाऱ्याला हे अट म्हणून कठोर वाटते. माझ्या मते ते प्रामाणिक आहे, कारण जी संस्था अशा अटींशिवाय सर्व काही सर्वकाळ सांभाळण्याचे आश्वासन देते, तिच्याकडे तेवढी जागा आणि माणसे असतीलच असे नाही.

यंत्र चालू स्थितीत ठेवायचे की नुसते जपायचे, हाही वादाचा विषय आहे. संवर्धनाचे शिक्षण घेतलेले लोक म्हणतात की वीज दिली की यंत्र झिजते, जुना कपॅसिटर फुटतो, मूळ भाग बदलावे लागतात आणि वस्तूचा अस्सलपणा कमी होत जातो. दुसरी बाजू अशी की युनिक्सचे यंत्र पाहून काहीही कळत नाही. ते सुरू झाले, त्याने आपली डिस्क तपासली, लॉगिन मागितले आणि आज्ञेला उत्तर दिले, तरच ते काय होते हे समजते. माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात आयबीएम १४०१ आणि पीडीपी-१ ही यंत्रे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून चालू केली आहेत आणि ती पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात. पण एवढे कष्ट संग्रहातल्या प्रत्येक यंत्रासाठी करणे कोणालाच शक्य नाही. म्हणजे संग्रहालयाने घेतले तरी यंत्र सुरू होईलच असे नाही, आणि माझ्या मित्राने तर आयुष्यभर यंत्रे सुरू ठेवण्याचेच काम केले होते.

यंत्रे चालती ठेवणारे एक मोठे संग्रहालय सिएटलमध्ये होते. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी उभारलेले लिव्हिंग कम्प्युटर्स हे संग्रहालय २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथे यंत्रे दोरीच्या पलीकडे ठेवलेली नसत. पाहुणा टर्मिनलवर बसून ती वापरू शकत असे, आणि दुरूनही नेटवर्कवरून त्यांत लॉगिन करता येत असे. सगळ्या जगात मिळून सुमारे १२० पीडीपी-७ तयार झाली होती, आणि त्यांतले एक या संग्रहालयाने चालू केले होते. पीडीपी-७ वरचे मूळ युनिक्स हरवले असे सारे समजत होते, पण २०१६ मध्ये त्याच्या सोर्स कोडची कागदावरची छापील प्रत हाती लागली, वॉरन टूमी यांच्या युनिक्स हेरिटेज सोसायटीतल्या लोकांनी ती अक्षर अक्षर टंकून पुन्हा जिवंत केली, आणि २०१९ मध्ये, युनिक्सला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ते युनिक्स सिएटलच्या त्या पीडीपी-७ वर प्रत्यक्ष चालले. कागद एका ठिकाणचा, टंकणारे हात जगभरचे आणि यंत्र तिसऱ्याच ठिकाणचे, असा तो योग होता.

पॉल ॲलन २०१८ मध्ये वारले. २०२० च्या साथीत संग्रहालयाचे दार बंद झाले ते पुन्हा उघडले नाही. २०२४ मध्ये ते कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले आणि संग्रहातील अनेक वस्तू ख्रिस्तीजच्या लिलावात विकल्या गेल्या. मिळालेली रक्कम त्यांच्या इच्छेप्रमाणे धर्मादाय कार्याला जाणार होती, त्यामुळे कोणी काही गैर केले असे म्हणता येत नाही. परंतु संग्रह ही एका माणसाची मालमत्ता होती. ती सांभाळणारी, स्वतःचा कायम निधी असलेली स्वतंत्र संस्था तिच्यामागे नव्हती, आणि तो माणूस गेल्यावर मालमत्तेचे जे होते तेच संग्रहाचे झाले. ज्यांनी आपली यंत्रे तेथे विश्वासाने दिली होती त्यांना किती दुःख झाले असेल याची मला कल्पना करता येते. इतका पैसा, इतकी जाणकार माणसे आणि इतके प्रेम असूनही जे सहा वर्षांत विखुरले, ते पाहिल्यावर ‘सगळे एका जागी’ या कल्पनेची मला भीती वाटू लागली. समाधान एवढेच की त्यातले काही धागे तुटले नाहीत. १९८७ मध्ये सुरू झालेल्या आणि लोकांना युनिक्सचे खाते देणाऱ्या एसडीएफ या संस्थेने त्याच परिसरात इंटरिम कम्प्युटर म्युझियम उभे केले असून तेथील जुन्या प्रणालींत आजही दुरून लॉगिन करता येते.

याच्या अगदी उलट उदाहरण २०२५ मध्ये घडले. यूटा विद्यापीठात कोठाराची साफसफाई करताना एक टेप सापडली. तिच्यावरच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत बेल लॅब्जकडून आलेल्या मूळ युनिक्सची ती चौथी आवृत्ती आहे असे नमूद होते. चौथी आवृत्ती १९७३ ची, आणि गाभा सी भाषेत लिहिलेली पहिलीच. तिच्या पुस्तिका आणि काही तुकडे तेवढे जगात उरले होते. ती टेप कोणीही टपालाने न पाठवता मोटारीने कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये नेऊन दिली. तेथे टेपवरचा चुंबकीय संकेत आधी जसाच्या तसा टिपून घेतला गेला, मग सॉफ्टवेअरने त्यातून बिट्स वेगळे केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे कोणीही न पाहिलेले युनिक्स पुन्हा हाती आले व जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटर प्रोग्रामवर सुरूही झाले. विद्यापीठाने टेप जपण्यासाठी विशेष काही केले होते असे नाही. हवा कोरडी होती, कोणी ती फेकली नाही, आणि सापडली तेव्हा चिठ्ठी वाचणारा माणूस त्या चिठ्ठीचा अर्थ जाणत होता. टेप वाचण्याचे कसब मात्र विद्यापीठात नव्हते, ते संग्रहालयात होते. ज्याच्याकडे जे कसब आहे त्याच्याकडे ती वस्तू गेली पाहिजे, एवढे मी या घटनेवरून मनाशी पक्के केले.

मग मी एकेक यंत्र उघडायला घेतले. डिस्क काढून स्पार्कस्टेशन २ ला वीज दिली तेव्हा पडद्यावर अपेक्षित तक्रार उमटली: आयडीप्रॉममधील, म्हणजे यंत्राची ओळख साठवणाऱ्या भागातील, मजकूर अवैध आहे. या यंत्रांत एम४८टी०२ नावाची चोवीस पायांची एक चिप असते. घड्याळ आणि दोन किलोबाइटची मेमरी तिच्यात असते, आणि ही मेमरी जिवंत ठेवणारी लिथियमची बॅटरी चिपच्याच डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली असते. बॅटरीचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. ती संपली की यंत्र आपले नाव-गाव विसरते: नेटवर्कवरचा त्याचा इथरनेट पत्ता जातो आणि होस्ट आयडी, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, जातो. त्या काळचे महागडे सॉफ्टवेअर याच होस्ट आयडीला बांधून दिलेले असे, त्यामुळे डिस्क शाबूत असूनही ओळख गमावलेल्या यंत्रावर ते सुरूच होत नाही. उपाय माहीत असणाऱ्याला सोपा आहे. चिपच्या डोक्याची एक बाजू कानसीने हळूहळू घासायची, आत दोन धातूचे टोक दिसू लागले की मेलेल्या बॅटरीचा संबंध तोडायचा आणि तेथे दोन तारा डाखून त्यांना बाहेरून नाणेवजा बॅटरी जोडायची. नंतर यंत्राच्या ‘ओके’ या प्रॉम्प्टवर पत्त्याचा एकेक बाइट हाताने लिहायचा. सनच्या यंत्रांच्या पत्त्याचे पहिले तीन बाइट ०८:००:२० हे ठरलेले असतात. उरलेले तीन कोठून आणायचे? ते अनेकदा त्याच चिपवर चिकटवलेल्या छोट्या कागदी पट्टीवर छापलेले असतात, आणि कानस फिरवणारा उत्साही माणूस पहिल्यांदा तीच पट्टी खरवडून टाकतो.

माझ्या मित्राने ती पट्टी काढून वहीत चिकटवली होती, शेजारी होस्ट आयडी लिहिला होता आणि खाली यंत्र कोणत्या विभागातून आले, त्यावर कोणते काम चालत असे हेही लिहिले होते. सर्व यंत्रांसाठी अशी पाने होती. त्या वह्या चाळताना माझ्या लक्षात आले की या गॅरेजमधली सर्वांत दुर्मीळ वस्तू वह्याच आहेत. स्पार्कस्टेशन २ जगात अजून पुष्कळ असतील. त्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाने रोजच्या रोज ठेवलेली टिपणे फार थोडी उरली असतील.

डिस्कांचे काम सर्वांत नाजूक होते. स्कझी नावाच्या जोडणीच्या जुन्या डिस्कमध्ये बराच काळ न फिरलेल्या तबकडीला वाचनाचे टोक चिकटून बसते, आणि तशात वीज दिली तर सगळेच संपू शकते. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येक डिस्क बाहेर काढली, वेगळ्या संगणकाला जोडली, आणि डीडीरेस्क्यूने तिची संपूर्ण प्रत काढली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अवघड जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. यंत्रात मग मूळ डिस्कऐवजी मेमरी कार्डवर चालणारे स्कझीचे छोटे सर्किट बसवले. आज ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी या नावांनी मिळणाऱ्या या सर्किटांमुळे शेकडो जुनी वर्कस्टेशने पुन्हा चालू लागली आहेत, आणि मूळ डिस्क बाजूला जपून ठेवता येते.

प्रत काढल्यावर आत काय आहे ते पाहावेच लागते, कारण दुसऱ्याच्या हाती डिस्क देण्याआधी त्यातले खासगी काय हे ठरवायला हवे. कंपनीचे काहीही त्याने ठेवले नव्हते. होती ती त्याची स्वतःची डिरेक्टरी. ई-मेल मी उघडले नाहीत. ते वेगळे काढून वहिनींच्या स्वाधीन केले. पण एका फोल्डरमध्ये आयट्रान्सच्या फाइली होत्या. अविनाश चोपडे यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी हा प्रोग्राम केला, आणि देवनागरी लिहिण्याची सहज सोय नसलेल्या त्या काळात परदेशातल्या मराठी माणसांनी युनिक्सच्या यंत्रांवर रोमन अक्षरांत मराठी टंकून, टेख या छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या प्रोग्राममधून ती देवनागरीत छापायला सुरुवात केली. मित्राच्या फोल्डरमध्ये आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका होत्या, आरत्यांचे संग्रह होते, एका बारशाचे आमंत्रण होते. फाइलीच्या वरच्या ओळींत त्याच्या टिपा होत्या: अमुक जोडाक्षर नीट येत नाही, ‘ळ’ असा लिहावा, पान कापले जाते म्हणून समास वाढवला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत छापली गेलेली मराठी कशी घडत होती याचा हा अस्सल पुरावा आहे, आणि तो सनच्या एका करड्या खोक्यात होता. मूळ फाइली साध्या मजकुराच्या असल्याने त्या आजही कोणत्याही यंत्रावर उघडतात. पण त्या कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रणालीत, कोणत्या आवृत्तीच्या टेखबरोबर चालत होत्या हे सारे जसेच्या तसे त्या डिस्कच्या प्रतीतच आहे.

पुस्तिकांचे काम त्या मानाने सोपे ठरले. बिटसेव्हर्स या संग्रहात जुन्या संगणकांच्या पुस्तिका फार मोठ्या प्रमाणावर स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. त्याची यादी समोर ठेवून खोकी तपासली, जे तेथे आधीच होते ते बाजूला केले आणि जे नव्हते तेवढेच स्कॅनिंगसाठी काढले. टेपांबाबत मी काहीही धाडस केले नाही. त्या काळच्या काडतुसांच्या आतला पट्टा सैल पडतो किंवा टेपला चिकटतो, आणि वाचणाऱ्या यंत्रातले रबरी चाक वितळून चिकट डांबरासारखे होते. सनओएस या सनच्या प्रणालीच्या, छापील लेबले असलेल्या टेपा इतरत्र आहेत, पण हाताने चिठ्ठी लिहिलेल्या टेपा जाणकारांनीच वाचाव्यात म्हणून तशाच बंद ठेवल्या.

मध्यंतरी एक विचार मनात फार घोळत होता, की यातले काही पुण्याला पाठवावे. महाराष्ट्राचा या यंत्रांशी खरा संबंध आहे. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिल्यानंतर भारतातल्या बँकांत जे संगणक आले, त्यांत युनिक्सवर चालणारी यंत्रे मोठ्या संख्येने होती, आणि आमच्या पिढीतले कित्येक जण त्यांच्यावरच युनिक्स शिकले. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये सादर केलेला परम १०००० हा महासंगणक तर सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभा होता. त्या बँकांतली यंत्रे कोठे गेली, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असेल: लिलावात वजनावर. पुण्यात केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. रोजच्या वापरातली वस्तूही जपण्याजोगी असते हे ज्या शहराला इतक्या आधी कळले, तेथे युनिक्सच्या टर्मिनललाही एक कोपरा मिळावा असे मला मनापासून वाटते. पण वापरलेले संगणक भारतात आणायला परवानगी लागते, वाहतुकीचा खर्च वेगळा, आणि मुख्य म्हणजे तेथे ती यंत्रे घेऊन चालवणारे ठरावीक हात मला सापडले नाहीत. त्यामुळे यंत्रे पाठवली नाहीत. आयट्रान्सच्या फाइलींची आणि डिस्कच्या प्रतीची एक प्रत मात्र पुण्यातल्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेली आहे, आणि तो तिचे काय करता येईल हे मराठीच्या अभ्यासकांशी बोलून ठरवत आहे.

हे सारे झाल्यावर मी वहिनींकडे गेलो आणि सगळे एकत्र ठेवणे का योग्य नाही हे त्यांना सांगितले. सिएटलची हकिकत सांगितली, वह्या दाखवल्या, बारशाचे ते आमंत्रण छापून नेले होते तेही दाखवले. त्या बराच वेळ वह्या चाळत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ज्याला जे येतं, त्याच्याकडे ते द्यायचं. पण मग त्यांचं म्हणून काय राहणार?” मी म्हणालो, “वहिनी, नोंदवही राहील. प्रत्येक वस्तूबरोबर तिची एक प्रत जाईल, आणि तिच्यात सगळ्या वस्तू कोठे आहेत ते लिहिलेलं असेल.” त्यांनी नोंदवहीच्या पहिल्या पानाचा मजकूर स्वतः लिहिला, आणि माझ्या दृष्टीने त्या पानाइतके नेमके दुसरे कोणतेही देणगीपत्र झाले नसते.

त्यानंतर वाटप लवकर झाले. हस्तलिखित वह्या, बंद टेपा आणि डिस्कांच्या प्रती एका संग्रहालयाच्या दप्तरखान्याने स्वीकारल्या, आणि यंत्रे नाकारली, जे मला योग्यच वाटले. ऑक्टेन सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे चालवणाऱ्या एका तरुण मुलीकडे गेले. ऑक्टेनच्या आतले कार्ड ज्या जोडणीवर बसते तिच्यावर सोनेरी तारांचे अतिबारीक गुच्छ असतात आणि बोट लागले तरी ते वाकतात, तिने ते उघडण्यापूर्वी, “टोप्या आहेत का त्यांच्यावर?” असे विचारले आणि मी निश्चिंत झालो. सिलिकॉन ग्राफिक्स २००९ मध्ये दिवाळखोरीत विकली गेली, त्यामुळे आयरिक्स या कंपनीच्या युनिक्स प्रणालीच्या मूळ सीडी त्या मुलीला यंत्राइतक्याच मोलाच्या होत्या. नेक्स्टस्टेशन त्याच्या मॉनिटरसह आणि कीबोर्डसह एकत्रच द्यावे लागले, कारण ते सुरू करण्याची कळ कीबोर्डवर असते, कीबोर्ड मॉनिटरला जोडलेला असतो, आणि तिघांतले एक जरी वेगळे पडले तरी उरलेली दोन निरुपयोगी होतात. ते एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे आणि तेथील विद्यार्थी ते वापरतात. स्पार्कस्टेशन २० त्याच प्रयोगशाळेने मागून घेतले. स्पार्कस्टेशन २ मी स्वतःकडे ठेवले आहे, आणि माझ्यानंतर ते ज्याच्याकडे जायचे त्याची संमती घेऊन त्याचे नाव नोंदवहीत लिहिले आहे.

राहिला तो मॉनिटर. वीस इंची, सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीचा, तिसेक किलो वजनाचा. मागे १३डब्ल्यू३ जातीची जोडणी, जी आजच्या कोणत्याही पडद्याला लागत नाही. काचेत शिसे असल्याने कॅलिफोर्नियात तो साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, कुरिअरवाले तो फुटल्यास जबाबदारी घेत नाहीत, आणि ज्यांना यंत्रे हवी असतात ते सपाट पडद्यावर समाधानी असतात. तरीही ११५२ बाय ९०० चे सनचे चित्र त्या नळीवर जसे दिसते तसे अन्य कशावरही दिसत नाही, आणि नळ्या आता कोणी बनवत नाही. दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात जुन्या संगणकांचा मेळावा भरतो. स्वतःची गाडी घेऊन येणारा आणि घरी कोरडी जागा असलेला कोणी तेथे भेटेल, म्हणून तो मी तेथे घेऊन जाणार आहे. नोंदवहीतला त्याच्यापुढचा रकाना तोवर रिकामा आहे.